टांकसाळीतील घणवाला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बादशाहीचे वैभव सांगणारे पुष्कळ भेटतात; बादशहाचे नाणे पाडणाऱ्याच्या पदरात काय पडत होते, हे विचारणारे थोडे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ‘आइने अकबरी’त टांकसाळीची व्यवस्था तपशिलाने दिली आहे. दरोग्याने सर्वांना कामाला लावावे, अमिनाने निःपक्षपाती राहून तंटे होऊ देऊ नयेत, अशी अपेक्षा होती. ठसे कोरणारा दिल्लीचा मौलाना अली अहमद याला ‘युजबाशी’चा, म्हणजे शंभरांच्या नायकाचा, दर्जा होता. कलेचा हा मान रास्तच होय.

ठशांवर राबणाऱ्यांचा हिशेब मात्र नगावर. ‘सिक्काची’ धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवी. दुसरा माणूस घण घाली, तेव्हा दोन्ही बाजू उमटत. १००० रुपये पाडल्याबद्दल सिक्काचीला पाच दाम आणि काही जितल मिळत. रुपयाचे दाम ४०. आणि घणवाल्याला? त्याला स्वतंत्र मजुरी नव्हतीच. सिक्काचीने आपल्या मजुरीतला सहावा हिस्सा त्याला द्यावा, असा नियम होता. म्हणजे हजार रुपये पाडावेत आणि पुरता एक दामही हाती येऊ नये! राहता राहिले जितल. दामाचा पंचविसावा भाग असलेला हा जितल हिशेबनिसांच्या वहीपुरताच होता. त्याचे नाणे पाडले जातच नव्हते.

कोणी म्हणेल, घण घालायला कसले आले आहे कौशल्य? घाव तिरपा बसला की ठसा सरकतो, हे त्या काळची नाणी हाती घेतल्यास कळेल. पण प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. सरकारी हिशेबात ज्याला रकाना नाही, त्याचा धनी सरकार नव्हे. शेजारी बसलेला सिक्काचीच त्याचा धनी होतो. सहाव्या हिश्शाचे भांडण दोघा कष्टकऱ्यांत लागते आणि खजिना नामानिराळा राहतो. मुकादमीची सगळी विद्या एवढ्यात आली.

१९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावातच नियमन आणि निर्मूलन असे दोन शब्द होते. पुढे परवाने वाढले. निर्मूलन बहुतांशी नावातच राहिले. याचा दोष एकट्या मालकांवर टाकून कामगार चळवळीला सुटता येणार नाही. कायम कामगारांच्या पगारवाढीचे करार ठिकठिकाणी हिरिरीने झाले. त्याच खात्यात, त्याच पाळीत राबणाऱ्या कंत्राटी माणसाचे नाव त्या करारांत क्वचितच आले. आपापल्या युनियनच्या सभासद-वहीत अशी किती नावे आहेत, ते पुढील बैठकीस येताना मोजून आणावे.