परदेशातील मैत्री आणि घरची वाट

(चाकण परिसरातील शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतीच होती. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकण-तळेगावपर्यंत कारखान्यांची अखंड रांग लागली आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण येथे सुरू झाले आणि ज्या गावांत पूर्वी कांदा-बटाट्याच्या बाजारभावाची चर्चा चाले, तेथील मुले जर्मन व जपानी भाषांच्या वर्गांना जाऊ लागली. त्यांतील काही उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात आणि त्यांचे पालक प्रवेश, कर्ज, व्हिसा यांविषयी आपल्याकडेच विचारणा करतात. जाण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. परतण्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. तेथे जोडलेली माणसे येथे आल्यावर उपयोगी पडतात काय, आणि येथील माणसे परतलेल्यास कसे वागवितात, या दोन गोष्टींकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

त्यासाठी मी जे उदाहरण निवडले आहे ते या परिसराला परके नाही. येथून जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. बाबासाहेबांचे विद्वत्त्व, राज्यघटना आणि धर्मांतर यांविषयी आपण दरवर्षी ऐकतो. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एका स्नेह्याचे नाव मात्र सहसा कानी पडत नाही. ते नाव नवल भथेना.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस वर्षांचे. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची. शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. कोलंबिया विद्यापीठात दाखल झाल्यावर आरंभी एकदोन ठिकाणी बिऱ्हाड बदलून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहावयास गेले आणि तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा सहवास घडला. एका खोलीत राहणारे दोन तरुण, एक मुंबईच्या परळच्या चाळीतून आलेला महार जातीचा आणि दुसरा पारशी. भारतात हे दोघे एका पंगतीस बसले असते की नाही याची शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

कोलंबियातील दिवसांचे वर्णन करताना आपण प्राध्यापक जॉन ड्यूई आणि प्राध्यापक सेलिग्मन यांचा उल्लेख करतो आणि तो योग्यच आहे. परंतु पुढे १९३० मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात लिहिताना बाबासाहेबांनी आपल्या थोर गुरुजनांच्या जोडीने कोलंबियातील काही सहाध्यायांचाही आयुष्यातील सर्वोत्तम मित्र म्हणून निर्देश केला आहे. गुरू आणि मित्र त्यांनी एकाच ओळीत बसविले, हे शिक्षक बंधूंनी ध्यानात घ्यावे.

१९१५ मध्ये एम.ए. होऊन १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध ऐन भरात होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तीतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागला.

बडोद्यात जे घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती पुन्हा समोर उभी राहिली. राहावयाचे कोठे? एकही हिंदू खाणावळ घेईना. अखेर पारशी उतारगृहात, पारशी नाव सांगून, त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली दररोज दीड रुपया भाड्याने घेतली. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. त्या गावी त्यांचे दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने घरातील नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीचे मत घ्यावे लागेल असे म्हणून विषय टाळला. कोलंबियाचा एम.ए. झालेला, संस्थानच्या सेवेत रुजू झालेला हा माणूस मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत कमाठी बागेत बसून राहिला.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, नोकरीही दिली होती. शासनाच्या दृष्टीने पाहिल्यास योजना पूर्ण झाली होती, कागदोपत्री कोणतीही उणीव नव्हती. उणीव होती ती केवळ एका खोलीची, आणि ती खोली राजाज्ञेने मिळणारी नव्हती.

दुसरी गोष्ट अशी, की काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि नवल भथेनाही पारशीच होता. या योगायोगाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. माझ्या मते, वसतिगृहातील सहवासाने नवल भथेना आपल्या समाजाच्या समजुतींपलीकडे गेला आणि मायदेशी आल्यावरही त्या सहवासाला जागला. परदेशात जडलेली मैत्री बोटीतून उतरताच विरून जाते असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याच्या बाबतीत तसे घडले नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेबांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा साडेचारशे रुपये. परळच्या चाळीतच राहून त्यांनी काटकसरीने पैसे साठविले, कारण लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले तेव्हा गाठीस स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि नवल भथेनाने उसने दिलेले पाच हजार रुपये होते. साडेचारशे रुपये पगाराचा प्राध्यापक पाच हजारांची परतफेड केव्हा व कशी करणार, हा हिशेब मित्राने केलाच असेल. तरीही रक्कम दिली. पुढे लंडनहूनही बाबासाहेबांना त्याच्याकडे पैशांसाठी लिहावे लागले. त्या पत्रांतून त्यांचा संकोच स्पष्ट दिसतो. जिवलग मित्रालाही जड जावा इतका भार आपण टाकीत आहोत याची त्यांना पूर्ण जाणीव होती, आणि तरीही ज्याला निःसंकोच लिहिता येईल असे दुसरे ठिकाण त्यांना नव्हते.

या दुसऱ्या वास्तव्यात ते एम.एस्सी. झाले, बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. १९२३ मध्ये परतल्यावर वकिली सुरू करावयाची तर सनद हवी आणि सनदेसाठी पैसे हवेत. तेही जवळ नव्हते. या वेळीही नवल भथेनाच धावून आला. बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह हे सारे यानंतरचे आहे. मित्राने फी भरली म्हणून इतिहास घडला असे मी म्हणणार नाही. तो बाबासाहेबांच्या कर्तृत्वाचा अपमान होईल. परंतु कर्तृत्ववान माणसाचीही वर्षे पैशाअभावी वाया जाऊ शकतात, आणि ती वाचविणारा माणूस चरित्रग्रंथात चारदोन ओळींपुरताच येतो.

आता आपल्याकडे वळतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे आणि तिच्यात पंचाहत्तर जागा आहेत. अर्ज भरताना सही-शिक्क्यांसाठी विद्यार्थी तलाठी कार्यालयात, पंचायतीत आणि शाळेत येतो. त्या वेळी त्याला चार हेलपाटे पडू नयेत, ही किमान अपेक्षा. परंतु त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. तो परत येईल, चाकण किंवा भोसरीतील एखाद्या कारखान्यात रुजू होईल, आणि राहावयास खोली शोधू लागेल. आपल्या भागात हजारो खोल्या भाड्याने दिल्या जातात. अनामत किती, पाणी किती वेळ, हे विचारण्यापूर्वी काही घरमालक आडनाव विचारतात, ही गोष्ट येथे बसलेल्या कोणास नवीन नाही. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेल्या कामगारालाही ती ठाऊक आहे. जर्मन अभियंत्याला मात्र त्याच्या आडनावाचा अर्थ कोणी विचारीत नाही.

यावर परिपत्रक काढून काम भागणार नाही, कारण बडोद्यात तर खुद्द महाराज अनुकूल होते. घरमालक आपल्याच गावचे आहेत. कित्येक पंचायत सदस्य स्वतः घरमालक आहेत. त्यांनी आपल्या घरापासून हा प्रश्न विचारणे बंद केले, तर शेजारच्याला सांगण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होतो.

शिक्षकांना एक व्यवहार्य सूचना करतो. आपल्या शाळेतून शिकून परदेशी गेलेल्या आणि परत आलेल्या विद्यार्थ्यांची एक वही प्रत्येक शाळेने ठेवावी आणि जाऊ इच्छिणाऱ्या मुलाची त्यांतील दोघांशी तरी गाठ घालून द्यावी. तेथे खोली कोणाबरोबर घ्यावी, पैसे संपले तर काय करावे, परतल्यावर पहिले सहा महिने कसे जातात, हे छापील माहितीपत्रकात लिहिलेले नसते. तो विद्यार्थी सुटीवर गावी आला म्हणजे त्याच्याबरोबर शिकणारा त्याचा मित्रही पाहुणा म्हणून येईल, मग तो केरळचा असो, केनियाचा असो वा आपल्याच जिल्ह्यातील दुसऱ्या जातीचा. त्याचे ताट घरातल्यांच्याच पंगतीत वाढले जावे.