पश्चिमेला उगवणारी चांदणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या पंक्तीत, नाट्यप्रवेश आणि भावगीतांच्या शेजारी, आकाशदर्शनालाही पान वाढल्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे आभारी आहोत. आम्ही म्हणजे मंडळातील चार-सहा आकाशवेडी माणसे. दिल्लीच्या धुळीने आणि धुराने मळलेल्या आकाशात कृत्तिका शोधता शोधता डोळे शिणतात. आकाशगंगा तर इथल्या मुलांनी पुस्तकातच पाहायची. परंतु एक वस्तू अशी आहे की, तिला या राजधानीचा झगमगाटही झाकू शकत नाही. तिच्यासाठी दुर्बीण लागत नाही, गच्चीवर चार-पाच मिनिटे उभे राहिले म्हणजे पुरते. ही वस्तू म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक.

एखादा आळशी माणूस पहाटे उठला की 'आज सूर्य पश्चिमेला उगवला काय?' असे आपण विचारतो. सूर्य तसे कधी करणार नाही. हे स्थानक मात्र नेहमी पश्चिमेच्या अंगानेच वर येते. कधी वायव्येकडून येऊन आग्नेयेला जाते, कधी नैर्ऋत्येकडून ईशान्येला. पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २४ तास लागतात, तर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे हे स्थानक साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालते. सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक असा त्याचा वेग आहे. पृथ्वी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, पण तिला कितीतरी मागे टाकून ते धावते. म्हणून ते उलट उगवते.

त्याला स्वतःचा प्रकाश नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात दिवेलागण झालेली असते, तरी गडाच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असते, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. येथे प्रकार तोच आहे, गड तेवढा ४०० किलोमीटर उंच! आपल्याकडे अंधार आणि वर ऊन, अशी स्थिती सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयापूर्वीचा काही काळच असते. म्हणून आपल्याकडे ऐन मध्यरात्री स्थानक डोक्यावरून गेले तरी दिसत नाही, आणि दुपारीही दिसत नाही. काही दिवस ते संध्याकाळी दर्शन देते, पुढे काही दिवस पहाटे, आणि मध्ये कित्येक दिवस मुळीच नाही.

दिसते तेव्हा मात्र डोळ्यांत भरते. सौरपंखांसह त्याची लांबी १०९ मीटर आहे आणि त्या पंखांवरून परतणारे ऊन डोक्यावरच्या फेरीत शुक्राच्या चांदणीची बरोबरी करते. विमानाचा संशय आला तर लुकलुकणारे दिवे शोधावेत. स्थानकाला ते नसतात, आवाजही नसतो. उल्का क्षणात विझते. हे शांतपणे, एका गतीने आकाश ओलांडते. सर्वांत मनोहर भाग शेवटचा. संध्याकाळच्या फेरीत पुष्कळदा ते पूर्वेच्या क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही. भर आकाशात ते किंचित तांबूस होते, मंदावते आणि काही सेकंदांत नाहीसे होते. ढग नाही, आड काही नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते ते. तिथल्या माणसांचा त्या घटकेला सूर्यास्त झालेला असतो, आणि असे सुमारे सोळा सूर्यास्त त्यांच्या एका दिवसात होतात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज मुद्दाम उभे राहिलो, ती सांगतो. आपण इथे आहोत. कोणाची आई पुण्यात, कोणाचा भाऊ भोपाळला. समजा, एखाद्या संध्याकाळी स्थानक भोपाळच्या बरोबर माथ्यावर आले. त्या क्षणी दिल्लीहून ते दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती अंदाजे १० अंश आकाश झाकते. म्हणजे क्षितिजावर तीन मुठी. त्याच क्षणी पुण्याहून ते उत्तरेला, ईशान्येकडे झुकलेले, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसेल. तिन्ही ठिकाणी काळोख आणि निरभ्र आकाश असले म्हणजे झाले. चंद्रही सर्वांना एकच दिसतो हे खरे, पण तो सर्वांना जवळजवळ एकाच जागी दिसतो. हे इतके जवळ आहे की, दिल्लीकराची दक्षिण आणि पुणेकराची उत्तर त्याच्यापाशी येऊन मिळतात. दोन्हीकडून मोजलेल्या मुठी आणि दोन शहरांमधले अंतर घेतले, तर आठवी-नववीतला मुलगा कागदावर त्रिकोण काढून स्थानकाची उंची ढोबळमानाने काढू शकतो.

२६ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला या स्थानकात पाऊल ठेवणारे पहिले भारतीय ठरले. त्या दिवशी आषाढ शुद्ध प्रतिपदा होती. दूरच्या माणसाला निरोप धाडण्याचा हा दिवस कालिदासाने ठरवून दिलेलाच आहे; अडचण एवढीच की, त्याचा दूत म्हणजे मेघ, आणि तारे पाहणाऱ्याचा खरा वैरी तोच!

आमची घाई मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. २ नोव्हेंबर २००० पासून या स्थानकात माणसाचा वास अखंड आहे. परंतु ते थकले आहे. २०३० पर्यंत चालवून, त्यानंतर दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात ते उतरवण्याचा बेत आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७९ सालची स्कायलॅबची धास्ती आठवत असेल. ११ जुलैला ती कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. या वेळी तसे बेभरवशाचे पडणे नको म्हणून स्थानकाला ढकलून खाली आणणारे खास यान तयार करण्याचे काम २०२४ साली सोपवले गेले. चीनचे तियानगोंग स्थानकही आपल्या आकाशातून जाते, आणि भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे ठरवले आहे. तथापि सध्या त्यांत सर्वांत मोठे आणि तेजस्वी हेच.

या स्मरणिकेत फेऱ्यांचे वेळापत्रक दिलेले नाही, याचे कारण आळस नव्हे. विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते, अधूनमधून त्याला वर ढकलावे लागते, आणि त्यामुळे फार आधी काढलेल्या वेळा चुकतात. दोन-तीन दिवसांपुरत्या आपल्या शहराच्या वेळा नासाकडून मिळतात. त्या पाहाव्यात आणि घरी फोन करावा. फक्त फोनवर आपली दिशा सांगू नये. 'दक्षिणेला पाहा' असे इथून सांगितले, तर पुण्यातला भाऊ कात्रजच्या डोंगराकडे तोंड करून उभा राहील, आणि स्थानक त्याच्या पाठीमागून निघून जाईल.