मोटारींतील शीतयंत्र उष्ण वारा कां सोडतें?

वैशाखांतील ऊन म्हणजे काय, हें नांदेड किंवा लातूर येथील माणसास निराळें सांगावयास नको. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, गोदावरीचें पात्र आक्रसतें, आणि दुपारचा वारा अंगास चटका देऊन जातो. अशा दुपारीं नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरकडे एक मोटार निघाली आहे. तींत एक वृद्ध गृहस्थ आणि एक तान्हें मूल आहे. आणि अहमदपूर येण्यापूर्वींच शीतयंत्रांतून गार वाऱ्याऐवजीं कोमट झोत येऊं लागला आहे, अशी कल्पना करावी. हा प्रश्न मग केवळ चैनीचा राहत नाहीं. कारण वृद्धांस व लहान मुलांस ऊन फार लवकर बाधतें. अशा वेळीं मोटार हांकणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हा, कीं "गॅस संपला, भरून घेतला पाहिजे." हा उद्गार पुष्कळदां चुकीचा असतो, आणि बरोबर असला तरी अपुरा असतो.

तो अपुरा कां, हें कळण्यास घरांतील माठाकडे पाहिलें म्हणजे पुरें. माठांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होतांना ती आंतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि म्हणून पाणी गार होतें. दारास लावलेला वाळ्याचा ओला पडदा हेंच काम करतो. मोटारींतील यंत्रही थंडी निर्माण करीत नाहीं; तें आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. माठांतील पाणी उडून जातें, येथील द्रव मात्र बंद नळ्यांतून पुनःपुन्हां फिरतो, एवढाच फरक. बहुतेक मोटारींत आर-१३४ए नांवाचा पदार्थ असतो. साध्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें २६ अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा काँप्रेसर त्याची वाफ दाबतो, तेव्हां ती तापते. ही तापलेली वाफ रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत आपली उष्णता बाहेरच्या हवेस देते व पुन्हां द्रव होते. तो द्रव एका अरुंद तोंडांतून आंतल्या कॉइलमध्यें शिरतो, तेथें दाब उतरल्यामुळें उकळतो, आणि बसणाऱ्यांच्या अंगावर येणाऱ्या हवेंतील उष्णता शोषून घेतो. या फेऱ्यांतील एक दुवा तुटला, कीं उष्ण वारा येतो. म्हणून कोणता दुवा तुटला, हें आधीं शोधावें. खर्च मागाहून करावा.

या शोधाचा आरंभ फुकट होतो. वारा उष्ण आहे, कीं थोडा आहे, हें प्रथम पाहावें. झोतच क्षीण असेल, तर आंतील हवेची गाळणी धुळीनें भरलेली असण्याचा संभव फार. ती काढून झटकावी, फार मळली असल्यास बदलावी. झोत जोराचा असून उष्ण असेल, तर तापमानाचें बटन चुकून उष्ण बाजूस फिरलेलें नाहीं ना, आणि बाहेरची हवा आंत घेणारी झडप उघडी नाहीं ना, हें तपासावें. बाहेर ४२ अंशांची हवा असतां तीच सारखी आंत ओढली, तर चांगलें यंत्रही थकतें.

यानंतर उष्ण वारा केव्हां येतो, याकडे लक्ष द्यावें. मोकळ्या रस्त्यावर मोटार धांवते तोंवर गार वारा, आणि अहमदपूरच्या बाजारांत ती थांबतांच कोमट, असें असेल, तर दोष बहुधा कंडेन्सरपाशीं असतो. धांवतांना समोरचा वारा जाळींतील उष्णता नेतो; थांबल्यावर तें काम पंख्यास करावें लागतें. यंत्र चालू करून पुढील पंखा फिरतो कीं नाहीं, हें पाहावें. पंखा फिरत असेल, तर जाळी पाहावी. काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू व किडे तींत अडकून बसतात. इंजिन निवाल्यावर मंद धारेनें ती धुवावी. जोराच्या धारेनें तिचीं पातळ पानें मुडपतात.

वारा सदासर्वकाळ उष्णच असेल, तर काँप्रेसर चालू होतो कीं नाहीं, हें पाहावें. पुष्कळ मोटारींत बटन दाबतांच "खट्" असा आवाज होऊन त्याचा क्लच पकड घेतो. आवाज न झाल्यास फ्यूज, रिले व तारा तपासाव्या. गॅस फारच उतरला असला तरी दाबाचा स्विच काँप्रेसर चालूं देत नाहीं. कित्येक नव्या मोटारींत असा क्लचच नसतो. तेथें आवाजावरून निदान होत नाहीं.

आतां गॅसाविषयीं. तो पेट्रोलाप्रमाणें जळून जात नाहीं. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून थोडा झिरपतो, हें खरें; पण एका उन्हाळ्यांत भरलेला गॅस दुसऱ्या उन्हाळ्यापूर्वींच गेला, तर कोठें तरी गळती आहे. सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर तो तिचा माग समजावा. गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय. जादा गॅस भरला तरी गारवा उतरतो, म्हणून अंदाजानें भरणेंही घातकच. किती ग्रॅम भरावयाचा, तें बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेलें असतें. हें काम घरीं करूं नये. निसटलेल्या द्रवानें कातडी व डोळे गोठून इजा होते.

या गळतीचा संबंध एका घराच्या खर्चापुरताच नाहीं. पूर्वीं मोटारींत आर-१२ हा वायु असे. तो वातावरणांतील ओझोनच्या थरास बाधक ठरला, आणि १९८७ सालच्या माँट्रियल करारानें त्याचा वापर बंद होत गेला. आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. पण शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलो कार्बन डायॉक्साइडच्या हजारांहून अधिक किलोंइतका पृथ्वीस तापवितो. २०१६ सालीं किगाली येथें अशा वायूंचा वापर घटविण्याचें ठरलें, तें याच कारणानें.

वाटेंतच यंत्र बंद पडलें, तर कांचा उघडाव्या, सावलींत थांबावें, मुलांस व वृद्धांस पाणी पाजावें. इंजिनाचा कांटा चढूं लागला असेल, तर शीतयंत्राचें बटन प्रथम बंद करावें. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत मुलास क्षणभरही एकटें ठेवूं नये. अर्ध्या तासांत तेथील उष्मा बाहेरच्यापेक्षां पंधरा-वीस अंशांनीं वाढूं शकतो.

आणि लातुरास पोहोंचल्यावर मेकॅनिकास दोनच प्रश्न विचारावे: गळती कोठें सांपडली, आणि नळ्या निर्वात करून किती ग्रॅम गॅस भरला? या दोहोंचीं स्पष्ट उत्तरें मिळालीं, तर परतीचा प्रवास बहुधा सुखाचा होईल. न मिळालीं, तर पैसे देण्यापूर्वीं आणखी एका ठिकाणीं विचारून पाहावें.