जुनी काठी आणि अढळ कीर्ति

खंडेनवमीच्या दिवशीं आपल्याकडे घरोघर एक लहानसा सोहळा होत असतो. सुतार आपला रंधा आणि करवत, शिंपी आपली कात्री, लेखक आपली लेखणी पाटावर मांडतो आणि तिला गंधफूल वाहतो. लहानपणीं मला एका गोष्टीचें नवल वाटे. पाटावर मांडलेल्या त्या वस्तूंत नवी कोरी अशी वस्तु क्वचितच असे. मूठ झिजून गुळगुळीत झालेला रंधा, घासून घासून पातें अरुंद झालेली कात्री, अशा जुन्या अवजारांनाच तो मान मिळे. ज्या अवजारानें आपणांस पोसलें, त्याचें ऋण मानण्याची ही रीत आहे. आज ज्या खेळाडूची हकीकत मी सांगणार आहें, त्याच्या कानांवर खंडेनवमीचें नांव कधीं गेलें नसेल; परंतु त्या सणाचें मर्म त्याला पुरतें उमगलें होतें, असें मला वाटतें.

त्याचें नांव रॉबर्ट टायर जोन्स. जग त्याला बॉबी जोन्स म्हणून ओळखतें. त्याचा जन्म १७ मार्च १९०२ रोजीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत अटलांटा येथें झाला. त्याचा खेळ गोल्फचा. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालींच स्थापन झालेला असला, तरी आपल्या मध्यम स्थितींतल्या कुटुंबांना या खेळाचा परिचय बेताचाच आहे. म्हणून दोन शब्द सांगतों. विस्तीर्ण कुरणावर अठरा ठिकाणीं लहान खळगे केलेले असतात. चेंडू काठीनें टोलवीत क्रमाक्रमानें त्या अठरा खळग्यांत घालावयाचा, आणि तोहि कमीत कमी फटक्यांत. दूरच्या फटक्याची काठी निराळी, वाळूंतून चेंडू उचलण्याची निराळी. पहिल्या लांब फटक्याच्या काठीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात, आणि खळग्याजवळच्या मऊ हिरवळीवर चेंडू हलकेच लोटण्याच्या काठीला ‘पटर’ म्हणतात.

या खेळाचा एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. क्रिकेटमध्यें चेंडू टाकणारा प्रतिपक्षी असतो, कुस्तींत समोर मल्ल असतो. गोल्फमध्यें चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. कोणी आडवा येत नाहीं. त्यामुळें चुकीचें खापर फोडावयास दुसऱ्याचें डोकें मिळत नाहीं. खेळणाऱ्याच्या हातांत उरते ती एक काठी. म्हणूनच या खेळांत काठीवर राग काढणारे फार!

खुद्द जोन्सहि त्यांतलाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९१६ सालीं, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेंत उतरला, आणि लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. परंतु त्याचा स्वभाव तापट. फटका चुकला कीं काठी भिरकावून द्यावी, असा क्रम. १९२१ सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरींत तो खुल्या स्पर्धेसाठीं गेला. तिसऱ्या फेरींत खेळ बिघडत गेला, अकराव्या खळग्यापाशीं चेंडू वाळूच्या खड्ड्यांत रुतला, आणि या एकोणीस वर्षांच्या मुलानें रागाच्या भरांत चेंडू उचलून घेऊन स्पर्धाच सोडून दिली. पुढें जन्मभर त्याला या वर्तनाची लाज वाटत राहिली. गुण अलोट, पण अजिंक्यपद एकहि नाहीं, अशी त्याचीं पहिलीं सात वर्षें गेलीं.

१९२३ सालीं त्याच्या हातीं एक जुना पटर आला. जोन्सनें ज्याच्या खेळाकडे पाहून बालपणीं गोल्फ उचलला, तो स्टुअर्ट मेडन हा स्कॉटिश खेळाडू. त्याचा भाऊ जिम मेडन याच्या संग्रहांत ही काठी होती. ती त्यानें जोन्सला देऊन टाकली. काठी दिसावयास ओबडधोबड. लोखंडी तोंड, हिकरीच्या लांकडाची दांडी, आणि ती दांडी तडकल्यामुळें तिच्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले. तिचें नांव ‘कॅलॅमिटी जेन’. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या रानटी मुलखांत नांव गाजविलेल्या एका धाडसी बाईचें तें टोपणनांव. त्याच वर्षीं इनवुड येथें जोन्सनें अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद जिंकलें. तेव्हांपासून १९३० पर्यंतच्या आठ वर्षांत त्यानें तेरा प्रमुख अजिंक्यपदें मिळविलीं: अमेरिकेचीं खुलीं चार आणि हौशी पांच, ब्रिटनचीं खुलीं तीन आणि हौशी एक. आणि हें सारें द्रव्यार्जनासाठीं न खेळतां! त्यानें यंत्रशास्त्र, इंग्रजी वाङ्मय व कायदा यांचा अभ्यास केला, वकिली केली, आणि खेळ हौस म्हणून सांभाळला.

आतां कोणी विचारील कीं, एका काठीला इतकें चिकटून राहणें हा भाबडेपणा नव्हे काय? याचें उत्तर त्या लांकडांत आहे. हिकरी हें चिवट आणि लवचिक लांकूड. परंतु झाडाझाडाचें, एवढेंच नव्हे तर एकाच झाडाच्या फांदीफांदीचें लांकूड निराळें. जोरानें काठी फिरविली कीं दांडी केवळ वांकत नाहीं, ती किंचित् पिळलीहि जाते. आणि प्रत्येक दांडीचा हा पीळ वेगळा. म्हणून हिकरीची काठी विकत घेऊन भागत नसे. तिच्याशीं संसार करावा लागे. ती किती पिळते, केव्हां सरळ होते, दमट हवेंत कशी वागते, हें हाताला कळावयास महिनेच्या महिने लागत. अशी ओळख पटलेली काठी मोडली, तर तिची जोडी बाजारांत मिळणें नाहीं.

पोलादाच्या दांडीचें तसें नव्हे. ती कारखान्यांतून एकासारखी एक निघते. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली; ब्रिटनमध्यें १९२९ सालीं मिळाली. पुष्कळ खेळाडू नव्या काठीकडे वळले. जोन्सनें मात्र १९३० सालचा आपला सर्वांत मोठा पराक्रम हिकरीच्याच काठ्यांनीं केला. त्या एका वर्षांत त्यानें ब्रिटनचीं व अमेरिकेचीं, हौशी व खुलीं, अशीं चारहि अजिंक्यपदें लागोपाठ जिंकलीं. लगेच दुसऱ्या वर्षीं, १९३१ सालीं, बिली बर्क यानें पोलादी दांड्यांनीं अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद मिळविलें. म्हणजे जुन्या युगाचा सूर्य मावळतां मावळतां आपलें सारें तेज जोन्सच्या हातीं देऊन गेला, असें म्हणावें लागतें.

त्याच्या काठ्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या काठ्या त्यानें एके ठिकाणीं, एके दिवशीं घेतलेल्या नव्हत्या. एक येथून, एक तेथून, हातांत घेऊन, तोलून, मनास पटली तेवढीच ठेवून, अशी वर्षानुवर्षें ती जुळणी झाली होती. पुढें त्या यंत्रावर तोलून पाहिल्या, तेव्हां एक सोडून बाकी साऱ्यांचा तोल एकमेकींशीं जुळलेला आढळला, असें सांगतात. आणि जी एक जुळली नाहीं, तीच नेमकी त्याला खेळतांना त्रास देत आलेली होती! श्रोतेहो, ज्याला आपण जुन्याचा हट्ट म्हणतों, तो पुष्कळदां शब्दांत न सांगतां येणारें ज्ञान असतो.

मला येथें माझीच एक चूक आठवते. शाळेंतल्या एका सामन्याच्या वेळीं आमचा एक विद्यार्थी सुतळी गुंडाळलेली आपली जुनी बॅट घेऊन आला. चार लोकांपुढें तें बरें दिसणार नाहीं म्हणून मीं त्याच्या हातांत शाळेची नवी बॅट दिली. पोरगा दुसऱ्याच चेंडूला बाद झाला. नवी बॅट वाईट होती असें नाहीं. पण ती त्याची नव्हती. तो परत आला, बॅट नीट पुसून माझ्या स्वाधीन केली, आणि एक अक्षरहि बोलला नाहीं. त्या दिवशीं शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हें मला नीटसें ठरवितां आलें नाहीं.

परंतु जोन्सची निष्ठा आंधळी नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. वारंवार घासल्या-पुसल्यानें मूळ कॅलॅमिटी जेनचें तोंड झिजलें. तें सपाट राहीना. तेव्हां, १९२६ च्या सुमारास, त्यानें तिची हुबेहूब प्रतिकृति करवून घेतली, आणि उरलेलीं बहुतेक अजिंक्यपदें या दुसऱ्या जेननें जिंकलीं. म्हणजे त्याचें प्रेम त्या लोखंडाच्या तुकड्यावर नव्हतें. त्या आकारावर, त्या तोलावर, हाताला लागलेल्या वळणावर होतें. इतकेंच नव्हे, तर स्पर्धांतून निवृत्त झाल्यावर त्यानें स्वतःच एका प्रसिद्ध कारखान्यासाठीं पोलादी दांड्यांच्या काठ्यांची रचना करून दिली. मौज अशी कीं, त्या पोलादावर लांकडाच्या रंगाचें वेष्टण चढविलेलें असे! जुन्याचा लळा आणि नव्याचा स्वीकार या दोन गोष्टी एका मनांत सुखानें नांदूं शकतात.

पुढच्या पिढ्यांतहि हाच अनुभव आहे. टायगर वुड्सनें आपल्या पंधरा प्रमुख अजिंक्यपदांपैकीं चौदा, १९९९ पासून २०१९ पर्यंत, एकाच पटरनें जिंकलीं. उलट, अठरा प्रमुख अजिंक्यपदें मिळविणारा जॅक निक्लस १९८६ सालीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, एक अगदीं नवा, मोठ्या तोंडाचा पटर घेऊन उतरला आणि जिंकला. तेव्हां जुनी काठी म्हणजे कांहीं ताईत नव्हे. मोठेपण काठींत असतें, तर तें बाजारांत विकत मिळालें असतें.

मग तें कशांत असतें? जोन्सच्या ड्रायव्हरचें नांव मला येथें सुचवावेंसें वाटतें. तें होतें ‘जीनी डीन्स’. सर वॉल्टर स्कॉट याच्या एका कादंबरीची ही नायिका. एक खोटें वाक्य बोलली असती, तर तिच्या बहिणीचा जीव वांचता; पण न्यायासनापुढें तिच्यानें तें बोलवलें नाहीं. मात्र बहिणीला क्षमा मिळावी म्हणून ती स्कॉटलंडहून पायीं लंडनची वाट चालूं लागली. काठीला कोणी सहज म्हणून हें नांव देत नाहीं.

१९२५ सालची गोष्ट. वूस्टर येथें अमेरिकेची खुली स्पर्धा चालू होती. पहिल्या फेरींत, अकराव्या खळग्याच्या वाटेवर, उंच गवतांत जोन्स चेंडूजवळ काठी नेत असतां चेंडू किंचित् हलला. कोणीं पाहिलें नाहीं; बरोबरच्या खेळाडूनें नाहीं, पंचांनीं नाहीं. जोन्सनें आपण होऊन सांगितलें कीं चेंडू हलला आहे, आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड लादून घेतला. स्पर्धेच्या शेवटीं तो आणि विली मॅकफार्लेन यांचे फटके सारखे भरले. तो एक फटका मोजला नसता, तर अजिंक्यपद तेथेंच त्याचें होतें. निर्णयासाठीं पुन्हां खेळ झाला, त्यांतहि बरोबरी. पुन्हां खेळ झाला, आणि जोन्स एका फटक्यानें हरला. लोक त्याची वाहवा करूं लागले, तेव्हां तो म्हणाला कीं, पेढी लुटली नाहीं म्हणून माणसाची स्तुति करावी, तशांतलीच ही स्तुति आहे.

काठी भिरकावणारा मुलगा तो हाच! काठीवरचा राग गेला, आणि तिच्याशीं इमान जडलें. त्या इमानांतूनच चेंडूशीं, नियमाशीं, प्रतिस्पर्ध्याशीं इमान वाढत गेलें. हीं दोन इमानें निरनिराळीं नाहींत, असें मला वाटतें. जो आपल्या अपयशाचा दोष हातांतल्या मुक्या वस्तूवर टाकीत नाहीं, तोच तो दोष स्वतःच्या नांवावर, कोणी न मागतां, लिहूं शकतो.

१९३० च्या त्या चौपदरी विजयानंतर, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, जोन्सनें स्पर्धांचा निरोप घेतला. पुढें ऑगस्टा येथें त्यानें मैदान उभारलें, आणि १९३४ पासून तेथें भरणारी स्पर्धा आज जगांत नांवाजलेली आहे. परंतु नियतीनें त्याची कठोर परीक्षा पाहिली. मज्जारज्जूच्या असाध्य रोगानें त्याला घेरलें. १९४८ नंतर त्याला कधीं खेळतां आलें नाहीं, आणि हळूहळू चालणेंहि दुरापास्त झालें. ज्या हातांनीं काठीचा पीळ ओळखला, ते हात लुळे पडत गेले. त्यानें त्याबद्दल गाऱ्हाणें केलें नाहीं. अशाच स्थितींत १९५८ सालीं तो सेंट अँड्र्यूजला गेला. ज्या गांवीं त्यानें रागानें खेळ टाकला होता, त्याच गांवानें त्याला आपलें नागरिकत्व बहाल केलें. बेंजामिन फ्रँकलिननंतर, म्हणजे १७५९ नंतर, हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. समारंभ संपून तो सभागृहाबाहेर निघाला, तेव्हां जमलेल्या लोकांनीं उभे राहून निरोपाचें एक जुनें स्कॉटिश गाणें गाइलें, आणि पुष्कळांचे डोळे पाणावले. १८ डिसेंबर १९७१ रोजीं त्याचें देहावसान झालें.

त्याचे अनेक विक्रम पुढच्यांनीं मोडले. विक्रम मोडण्यासाठींच असतात. परंतु १९५५ पासून अमेरिकेची गोल्फ संस्था खिलाडू वृत्तीबद्दल जें पारितोषिक देते, तें जोन्सच्या नांवानें. बक्षिसाला नांव द्यावयाचें तें जिंकलेल्या सामन्यांवरून नव्हे, तर हरलेल्या एका फटक्यावरून, हा केवढा गौरव!

पुढच्या खंडेनवमीला आपल्या घरांतलीं मुलें पाटावर एखादी जुनी बॅट किंवा झिजलेली लेखणी आणून ठेवतील, तर ती जुनी म्हणून बाजूला सारूं नका. तिच्यावर एक फूल जास्त वाहा.