एका अक्षराचा आजार



जनुकशास्त्राच्या शक्यता आणि नीती यांवरच्या या परिषदेत, नागपुरात, आपलं मनापासून स्वागत. परिषद इथेच भरावी असा आग्रह आम्ही धरला, त्याला कारण आहे.

इथून गडचिरोलीकडे निघा. वाटेतल्या दवाखान्यांत ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द कानावर पडतील. म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हाडं दुखतात म्हणून रात्रभर कळवळतं.

याच आजारावरच्या पहिल्या क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राच्या, उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेने. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, गर्भात असताना चालू असलेलं आणि जन्मानंतर मंदावलेलं हिमोग्लोबिन त्यांच्यात पुन्हा सुरू करायचं आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. चुकलेलं अक्षर जागच्या जागी राहतं, त्याला वळसा घातला जातो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. पण त्यासाठी आधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्यात पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आणि अमेरिकेतली किंमत आहे 22 लाख डॉलर.

क्लोनिंग किंवा भ्रूणांचे जनुक बदलणं यांबद्दल माझ्या मनात फारसा संभ्रम नाही. 277 प्रयत्नांतून एक डॉली मेंढी जन्मली. माणसाच्या बाबतीत उरलेल्या 276 चं काय, याला उत्तर नाही. 2018 मध्ये चीनमध्ये ज्याने भ्रूणांचे जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तो शास्त्रज्ञ तुरुंगात गेला. योग्यच झालं.

मला छळतो तो प्रश्न साधा आहे. आईवडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं आपण सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या पाहण्यात रिपोर्ट मागितला जातो तो मुलीचा. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगून आमचा घसा कोरडा पडतो. तरी सोयरीक मोडते. मुलाकडच्यांना कुणी विचारतसुद्धा नाही. जनुकांचं ज्ञान आमच्या गावांत औषध होऊन आलंच नाही अजून. आधी कपाळावरचा शिक्का होऊन आलं. औषध येईल तेव्हा ते कुणाच्या दारात आधी पोचेल, याचा विचार तंत्र तयार होत असतानाच व्हायला हवा. नंतर केलेला उपयोगी पडत नाही.

उद्या सकाळचं पहिलं सत्र रुग्णांचं आणि त्यांच्या पालकांचं आहे. काहीजण रात्रीच्या एसटीने निघून येणार आहेत. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांसाठी दुभाषे आहेत, त्यामुळे बोलणं संथ चालेल. घड्याळाकडे न बघता त्यांना बोलू द्यावं, एवढी यजमान म्हणून माझी विनंती.