भट्टीतील उष्णतेचा हिशेब



साखर कारखान्याचे धुराडे आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. तेथल्या बॉयलरच्या भट्टीत उष्णता पाण्यापर्यंत कशी पोहोचते, हा आमचा आजचा विषय. चुलीवरच्या पातेल्याला ज्वाळा बुडाशी चाटत असते. भट्टीच्या भिंतींवरील पाण्याच्या नळ्या मात्र ज्वाळेपासून दूर उभ्या असतात. तेथे उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी सरळ येऊन पडते.

प्रारणाचा नियम श्टेफान यांनी १८७९ साली प्रयोगांवरून मांडला. बोल्ट्झमान यांनी १८८४ साली तो उपपत्तीने सिद्ध केला. सेल्सियस अंशांत २७३ मिळवले की केवल तापमान येते. प्रारण त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते.

आता आपण हिशेब करू. १५०० केल्विनची ज्वाळा परिपूर्ण प्रारक मानली, तर दर चौरस मीटरला सुमारे २८७ किलोवॉट उष्णता येते. खरी ज्वाळा याहून कमी देते. कारण नायट्रोजन जवळजवळ काहीच प्रारण देत नाही. ते काम कार्बन डायॉक्साइड, पाण्याची वाफ आणि तापलेले कण करतात. पण चौथा घात सुटत नाही. बगॅस अधिक ओला आला आणि ज्वाळेचे केवल तापमान एकदशांशाने उतरले, की प्रारण सुमारे एकतृतीयांशाने घटते!

आता नळीकडे पाहू. ६०० केल्विनची नळी सुमारे ७ किलोवॉट परत टाकते. तिच्या पदरी २८० उरतात. आत क्षारांचा थर साचून ती ८०० पर्यंत तापली, तर परत जातात २३. तरीही २६४ येतच राहतात. जेवून तृप्त झालेल्या पाहुण्याच्या पानात वाढतच राहणाऱ्या यजमानासारखी ही ज्वाळा! नळीचे पोलाद मऊ पडते, आतला दाब तिला फुगवतो आणि अखेर ती फुटते. त्या वेळी जवळपास कामावर असतो तो फायरमन.

ज्वाळा आपण होऊन हात आखडता घेत नाही, हेच हे गणित सांगते. म्हणून बॉयलरच्या पाण्याची रोजची तपासणी हे केवळ वहीतले रकाने भरण्याचे काम नव्हे. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, एवढे आपण ध्यानी घ्यावे अशी आमची विनंती आहे.