दाढ ठणकण्यापूर्वी



वसंतातील व्याख्यानांत इतिहास, वेदान्त, राजकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंगतीला दातांना बसविले, म्हणून कोणी हसेल. परंतु रात्री बारा वाजता ज्याची दाढ ठणकू लागते, त्याला वेदान्त सुचत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच की, ठणका ही रोगाची सुरुवात नव्हे. रोग पुष्कळ पुढे गेल्याची ती खूण आहे. सुरुवात होते ती आपल्या रोजच्या सवयींत, आणि ती तेथेच थांबविता येते.

दाताला कीड लागली, असे आपण म्हणतो. ही कीड म्हणजे अळी नव्हे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातांतले किडे पाडण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. पण दातात किडाच नसतो, तर पडणार कोठून? दातांवर एक चिकट थर सतत साचत असतो. त्यातील सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळविते. हे कवच आपल्या शरीरातील सर्वांत कठीण वस्तू खरी. पण हाड मोडले तर सांधते, तसे कवचाला पडलेले भोक पुन्हा भरून येत नाही. आपली लाळ हे आम्ल धुऊन काढते व कवचाची बारीकसारीक झीज भरूनही आणते. मात्र त्यासाठी तिला साधारण अर्धा तास तरी मोकळा मिळावा लागतो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. गोड किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात 1945 नंतर काही वर्षे याचे प्रयोग झाले व 1954 साली ते प्रसिद्ध झाले. ज्यांना आपली संमती देता येत नव्हती अशा रुग्णांवर ते केले गेले, म्हणून त्यांच्यावर योग्य ती टीकाही झाली. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता : जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा मधल्या वेळी चघळलेल्या चिकट गोडाने दात कितीतरी अधिक किडतात.

आता आपल्या भागाकडे पाहू. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर शिरूर-दौंडकडे ऊस उभा राहिला, कारखाने आले, गुऱ्हाळे आली. ऊस आपल्या घरात पैसा आणतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु गूळ नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, ही समजूत दातांना मान्य नाही. गुळाचा खडा तोंडात धरून हिंडणाऱ्या मुलाच्या दातांना तो साखरेइतकाच बाधतो. दौंड जंक्शनवर रात्रपाळी करणारा आणि रांजणगावच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा राहणारा, दोघेही दिवसातून सहा वेळा गोड चहा घेत असतील, तर त्यांच्या दातांवर सहा वेळा आम्लाचा मारा होतो. जिलेबी खावी, पण ती जेवणात, पंगतीला खावी.

भगिनींनो, ज्या मुद्द्यासाठी आम्ही मुख्यतः येथे उभे आहोत, तो मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी ती दात घासण्याच्या निमित्ताने लागते, मग दुपारी जेवणानंतर, मग हातातले काम सुचेना म्हणून. दात इतक्या वेळा अस्वच्छ होत नाहीत. ही मागणी दातांची नसून निकोटिनची असते. वडिलांच्या तंबाखूच्या पुडीवर घरात बोलणे होते, आईच्या डबीवर होत नाही. कारण ती डबी मंजनाची समजली जाते, आणि त्याच समजुतीने ती मुलीच्या हाती जाते. मिश्रीने हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात व त्यांतील काहींचा पुढे कर्करोग होतो. गरोदर स्त्रीने ती लावली, तर पोटातल्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने 1992 साली बंदी केली. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. तेथे पोचावयाचे ते घरच्याच माणसांनी.

दुसरी उपेक्षा सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी दात नसतो, म्हणून तिचे येणे कोणाच्या ध्यानात येत नाही; आणि ती किडली, तरी दुधाचीच आहे, पडेल, असे म्हणून आपण गप्प बसतो. ती कायमची दाढ असते, आणि ती गेल्यावर दुसरी येत नाही.

मग करावे काय? सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा दात घासावेत. त्यांतही रात्रीचे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. ब्रश मऊ असावा आणि पेस्ट फ्लोराइडची असावी. लहान मुलाला ती वाटाण्याएवढी पुरे, आणि त्याने ती गिळू नये. कोळसा, राखुंडी, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात, पण झिजतात. हिरड्यांतून रक्त आले, तर घासणे बंद करू नये. बहुधा तेथे थर साचल्याचीच ती खूण असते. हलक्या हाताने घासत राहावे, आणि रक्त थांबेना तर दाखवावे. मधुमेह असेल, तर हिरड्यांची काळजी दुप्पट घ्यावी. वरची दाढ काढल्याने डोळे जातात, ही भीती निराधार आहे. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा सुपारी-गुटख्याच्या सवयीने तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दुखत नसले, तरी डॉक्टरांना दाखवावे.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलाचे तोंड दिव्याच्या उजेडात एकदा उघडून पाहावे, आणि आईच्या डबीविषयी तिच्याशी मायेने दोन शब्द बोलावेत, एवढीच आमची विनंती आहे.